एका बाटलीतले वाटेकरी

हौसाबाईंच्या तोंडात खालचे दोन सुळे सोडले, तर दात औषधालाही उरला नव्हता. आणि त्या टेंभी नाक्यावरच्या दवाखान्यात बसून डॉक्टरांना सांगत होत्या की, रात्री झोपेत आपण करकरा दात खातो.

त्र्यंबक डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली होती, ती सोडली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आणखी काय होतंय?"

"कोरडा खोकला हाय. गिरनीतनं आलं की... म्हंजे, सांजच्याला वाढतो. आन् काखंत खाज सुटती. बास, येवढंच."

डॉक्टरांनी छाती तपासली. साठी उलटलेल्या बाईची छाती, पण कुठे घरघर नाही की खरखर नाही. काखेत पुरळ सोडा, साधं घामोळंही नव्हतं. नाडी तर तालमीतल्या पोराची असावी अशी ठणठणीत. इतक्या निरोगी बाईला इतकी दुखणी त्यांनी पुस्तकातसुद्धा वाचली नव्हती. तरी त्यांनी औषध लिहून दिलं, कारण बाई औषध घेतल्याशिवाय उठणार नाहीत हे दिसतच होतं.

ही त्रेपन्न सालची गोष्ट. डॉक्टर मुंबईत शिकून नुकतेच ठाण्यात आले होते आणि दवाखान्याच्या पाटीचा रंगही अजून पुरता वाळला नव्हता. त्या काळी डॉक्टरकडे जाताना बाटली घरून न्यायची. कंपाउंडर तीत मिक्स्चर ओतायचा आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एक कात्रा म्हणजे एक डोस. तपासणी आणि दोन दिवसांचं औषध, सगळ्याचा मिळून एकच आकार. माणूस एक, तर पैसे एकदा. दुखणी किती, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. हौसाबाईंना ही रीत बरोबर उमगली होती, आणि त्यांची बाटली चांगली मोठी होती.

"डॉक्टर, ही बाई आपल्याला शेंडी लावतेय," बाई गेल्यावर विश्राम कंपाउंडर म्हणाला. "दात पाहिलेत ना तिचे?"

"पाहिले. म्हणून तर जंताचं औषध दिलं. घरात लहान मूल आहे तिच्या. झोपेत ते दात खातं."

"आणि खोकला?"

"गिरणीत जाणारा कुणीतरी. मुलगा असेल. इथे लोकरीची गिरणी आहे, तिचे तंतू छातीत जात असणार." डॉक्टरांचे डोळे चमकायला लागले होते. "खाज मात्र तिसऱ्याच कुणाची तरी आहे. ती अजून सापडत नाही."

विश्रामने कपाळावर हात मारून घेतला नाही एवढंच.

त्यानंतर हौसाबाई दर पंधरा-वीस दिवसांनी यायच्या आणि डॉक्टर त्यांची वाट पाहायचे. एकदा त्यांच्या पोटात मुरडा यायचा, एकदा बोटाला कुरूप व्हायचं, एकदा कान फुटायचा. तपासायला घ्यावं तर पोट मऊ, बोट साफ, कान कोरडा. डॉक्टर गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे आणि पुड्या वेगवेगळ्या बांधून द्यायचे. "दात खाल्ले तर ही पुडी, खोकला आला तर ही. एकात एक मिसळू नका बरं," असं सांगायचे. बाई खूश होऊन पुड्या कनवटीला लावायच्या. कोण कुणाला बनवत होतं, हे सांगणं कठीणच होतं.

गणपतीच्या सुमारास तर हौसाबाईंनी कमाल केली.

"सकाळी उठलं की मळमळतं बगा," त्या म्हणाल्या. "भात शिजल्याचा वास सोसत न्हाई. आन् चिंच खावीशी वाटती."

विश्राम औषधाच्या खोलीत गेला आणि तिथे त्याला जोराचा ठसका लागला. डॉक्टरांनी ओठ दाबून धरले. रात्री जेवताना त्यांनी ही हकिकत बायकोला, सरोजला सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग म्हणाली, "सून आहे घरात. पहिलटकरीण नसावी, दात खाणारं पोर तिचंच. पण तुम्ही त्या म्हातारीला सरळ विचारत का नाही हो?"

"विचारलं की येणं बंद करील. मग त्या माणसांना औषध कोण देणार?"

हे कारण खरंच होतं. पण त्याहून खरं कारण असं, की डॉक्टरांना यात गंमत वाटायला लागली होती. न पाहिलेलं एक अख्खं घर त्यांनी नुसत्या दुखण्यांवरून मनात उभं केलं होतं. खोकणारा मुलगा दिवसाच्या पाळीला जातो. खाजवणारा गावाहून येऊन राहिलेला असावा, निराळा निजत असावा, कारण त्याची खाज घरात दुसऱ्या कुणाला लागली नाही. पोराचं पोट मोठं आहे. सुनेचा गर्भ आता इतक्या महिन्यांचा झाला असेल. कोडं सुटत जातं तसतसा सोडवणाऱ्याला त्याचा लळा लागतो, आणि कोड्यातली माणसं हाडामांसाची आहेत याचा विसर पडतो. शहाण्यासुरत्या माणसाला ही चूक जरा लवकरच होते.

संक्रांत झाली. पुढच्या रविवारी सकाळी हौसाबाई आल्या, हातात बाटली आणि डॉक्टरांसाठी तिळगुळाची पुडी. स्टुलावर बसत त्यांनी सुरुवात केली.

"दात तर खातेच. त्यावर डोकं दुखतं, कपाळावर घन घातल्यावानी. पाय सुजल्यात. आन् डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात."

डॉक्टर हसत हसत लिहीत होते. काजव्यांपाशी त्यांचा हात थांबला.

पोटुशी बाईला शेवटच्या महिन्यांत डोकेदुखी, सूज आणि डोळ्यांपुढचे काजवे हे तिन्ही एकदम आले, की समजावं रक्ताचा दाब चढला आहे. मग कधी झटके येतील याचा नेम नसतो, आणि झटके आले की आई आणि मूल दोघांचाही भरवसा उरत नाही. शिकत असताना डॉक्टरांनी अशी एक बाई वॉर्डात डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती. ती आदल्या दिवशी फक्त डोकं दुखतं म्हणून आली होती.

त्यांनी पाऱ्याचं यंत्र काढलं आणि हौसाबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. पारा जिथे असायला हवा तिथेच होता. पायावर अंगठा दाबून पाहिला. पाय कोरडे, शिरा वर आलेले, सुजेचं नाव नाही.

"हौसाबाई," ते म्हणाले, "हे पाय कुणाचे?"

"माजंच. कुनाचं असनार?"

"हे नव्हे. जे सुजलेत ते."

बाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"हे बघा, तुमची सून पोटुशी आहे. आठवा लागला असेल. हो की नाही?"

हौसाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. या माणसाने आपल्या उंबऱ्याला कधी पाय लावला नाही, आणि याला महिना कसा कळला? त्यांनी हळूच कपाळावरचा पदर पुढे ओढला.

"हे तिन्ही त्रास तिचे एकटीचे असतील, तर तिच्या जिवाला धोका आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती. "आता खोटं बोलू नका."

"मग मागचं समद्यांचं पैसं लावनार तुमी," हौसाबाई पुटपुटल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुटनं आनू येवढं?"

"एक पै मागणार नाही. तिळगुळ दिलात ना, त्याची शपथ."

मग बाईंनी सगळं सांगितलं. ठाण्यातच, खोपट भागातल्या चाळीत दीड खोली. मुलगा तानाजी आणि बहिणीचा मुलगा सहदेव, दोघं लोकरीच्या गिरणीत. सून शेवंती आणि नातू उत्तम. प्रत्येकाने डॉक्टर गाठायचा म्हटलं तर महिन्याचे तांदूळ कुठून आणायचे? म्हणून त्यांनीच ही रीत बसवली होती. घरातला दुखणेकरी एकच, तो म्हणजे त्या. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं दुखणं त्यांच्यापाशी सांगायचं, त्यांनी ते पाठ करायचं आणि बाटली आणून वाटून द्यायची.

"पर येका बाटलीला येकानं येकच दुखनं सांगायचं," बाई बोट नाचवत म्हणाल्या. आपल्या कारभाराचा अभिमान त्यांना अशा वेळीही लपवता येईना. "ज्येचा त्येचा येक वाटा. जास्ती सांगितलं की तुमच्या कपाळाला आट्या पडत्यात, आन् मग तुमी सुई काढता. सुईचं पैसं येगळं."

"मग आजची डोकेदुखी कुणाची?"

"तानाजीची."

"पाय?"

"सहदेवाचं. दिसभर हुभाच असतो त्यो."

"काजवे?"

"ते सुनंचं. तिचा वाटा त्यो."

डॉक्टरांनी रोखून धरलेला श्वास सोडला. तीन दुखणी, तीन माणसं. दिवसभर यंत्रापाशी उभं राहणाऱ्याचे पाय सुजतात, त्यात काय नवल? डोकं कुणाचंही दुखतं. आणि अशक्त बाईला काजवे दिसतातच. हौसाबाई या वेळी खरं बोलत होत्या, त्यात शंकाच नव्हती. विश्राम बाटली भरायला घेऊन गेला, आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

पण डॉक्टरांना ते घर पाहायचं होतं. इतके महिने मनात बांधलेलं घर मैलभरसुद्धा लांब नव्हतं, आणि आज रविवार, गिरणीला सुट्टी, सगळी माणसं घरात असणार. सुनेचा दाब एकदा पाहून ठेवू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते बरोबरही होतं. तरी त्यांना खरं ओढून नेलं ते कुतूहलानेच.

"व्हिजिटीचं पैसं?" हौसाबाई दचकून म्हणाल्या.

"नकोत. मला नुसतं यायचंय."

फुकट काही मिळतंय म्हटल्यावर हौसाबाईंना पहिल्यांदा डॉक्टरांचाच संशय आला. वाटभर त्या दर दहा पावलांवर मागे वळून बघत होत्या.

चाळीच्या गॅलरीत एक जण खोकत बसला होता. डॉक्टर थबकले. हाच तो खोकला! ओळखीच्या माणसाची गाठ पडावी तसा त्यांना आनंद झाला. शेजारी काखेत हात घालून उभा होता तो सहदेव, त्याला निराळा ओळखावा लागलाच नाही. पोट पुढे काढून उत्तम दारात आला. डॉक्टरांची एकही अटकळ चुकली नव्हती. ते मनातल्या मनात आपली पाठ थोपटत होते, आणि सरोजला काय काय सांगायचं ते जुळवत होते.

"सहदेव, पाय बघू तुमचे," ते उत्साहाने म्हणाले.

सहदेवने पाय पुढे केले. उसाच्या वाळक्या कांड्यासारखे पाय होते, घोट्याचं हाड न् हाड दिसत होतं.

"सूज कधी असते?"

सहदेवने पाय मागे घेतले. त्याने तानाजीकडे पाहिलं.

"आणि तानाजीराव, तुमचं डोकं कधीपासून दुखतंय?"

"माजं?" तानाजी म्हणाला. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सांग की रं!" हौसाबाई कडाडल्या. "काल तूच म्हनलास न्हवं डोकं म्हनून? तरी मी इचारलं, खोकला सांगू का डोकं, तर म्हनलास डोकंच सांग."

"म्हनलो," तानाजी हळू आवाजात म्हणाला. "पर दुखत हुतं तिचं. ती म्हनली, येवढ्या बाटलीला तुमचा वाटा मला द्या. आठ दिस डोकं वर काडू देईना, म्हनली. दिला. माजा खोकला काय, कदी बी सांगता यील."

सहदेव चुळबुळला. "मावशी, वयनी मला म्हनल्या, भावजी, तुमी पाय म्हना. मला वाटलं, त्येंचं पायच तेवढं दुखत्यात. आपली खाज ऱ्हायली म्हनून काय मरतो का मानूस? म्हनून म्या पाय म्हनलो."

"मला कुटं ठावं, तुला बी मागितला ते," तानाजी त्याच्याकडे बघत राहिला.

नवऱ्याला डोकं माहीत होतं, दिराला पाय माहीत होते, सासूला काजवे माहीत होते. तिघांनीही चांगुलपणाच केला होता. दोघांनी तर आपल्या अंगचं दुखणं गिळून तिला वाटा दिला होता. आणि या तीन चांगुलपणांच्या मध्ये ती बाई एकटी, तिन्ही दुखणी घेऊन, आतल्या खोलीत बसली होती. डॉक्टरांना आपल्या हुशारीची अशी लाज वाटली की, कुणाकडे वर बघवेना. ते तडक आत गेले.

शेवंती भिंतीला टेकून होती. पदर पायांवर नीट पसरलेला, तोंड फुगलेलं, डोळ्यांच्या फटी झालेल्या. रोज बघणाऱ्यांना वाटलं असेल, बाळंतपण जवळ आलं, अंग भरलं. डॉक्टरांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली. पारा वर चढत गेला, आणि ठोके ऐकू आले ते फार वरच्या आकड्यावर. डॉक्टरांनी घाईने पट्टा सोडला.

"टांगा आणा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

तानाजी अनवाणीच पळाला.

शेवंती वाचली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं; उगाच कुणाचा जीव टांगणीला कशाला? इस्पितळातल्या अंधाऱ्या खोलीत, अळणी जेवणावर आणि झोपेच्या औषधांवर तिला पंधरवडाभर ठेवलं, आणि मुलगी झाली. लहानखुरी, पण गळा असा की सगळा वॉर्ड जागा व्हावा. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं, ते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्र्यंबकरावांना बाजूला घेऊन सांगितलं. ते ऐकून त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

पण ते पुढचं. त्या रविवारी सरकारी इस्पितळाच्या पायरीवर टांगा थांबला तेव्हा हौसाबाईंनी डॉक्टरांची बाही धरली.

"हितं किती घेत्यात वो?"

"काही घेत नाहीत. सरकारी आहे."

"औषदाचं?"

"त्याचंही नाही."

हौसाबाई त्या इमारतीकडे बघत राहिल्या. डॉक्टरकडे जाताना-येताना इतके महिने त्या इथूनच गेल्या होत्या. भीतीने कधी आत डोकावल्या नव्हत्या, आणि कुणाला विचारलंही नव्हतं. त्यांनी बाही सोडली.

आत शेवंतीला खाटेवर निजवलं. सहदेव उत्तमला घेऊन घरी थांबला होता. तानाजी व्हऱ्हांड्यात, हौसाबाई खाटेच्या पायथ्याशी, आणि त्र्यंबक डॉक्टर यंत्राची पेटी काखोटीला मारून दारात. डॉक्टरीणबाई पोक्त होत्या. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "काय काय होतंय गं तुला?"

"डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात," शेवंती म्हणाली आणि थांबली.

"आणखी?"

शेवंतीने सासूकडे पाहिलं. भाकरीच्या टोपलीत हात घालण्याआधी सून सासूकडे पाहते ना, तसं.

त्या नजरेने हौसाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. तांदूळ पुरवले, तेल पुरवलं, औषध पुरवलं, दोन पैशांचा कारभार चार पैशांचा करून दाखवला. आणि तो करता करता ही पोर इतकी शिकून बसली, की मरायला टेकली तरी दुसरं दुखणं सांगायला परवानगी मागते.

"सांग, बाई," त्या म्हणाल्या. "समदं सांग. हितं वाटं न्हाईत."

शेवंतीला आधी खरं वाटलं नसावं. मग ती हळूहळू बोलायला लागली. डोकं सांगितलं, पाय सांगितले. छातीत आग होते ते सांगितलं. दोन वर्षांपासून दुखणारी एक दाढ सांगितली, एका कानाने कमी ऐकू येतं ते सांगितलं, आणि उत्तमच्या वेळेपासून पाठीत जी कळ राहिली आहे ती सांगितली. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "अगं, जरा दमानं." पण ती थांबेना.

"आन् भ्या वाटतं," शेवंती शेवटी म्हणाली. "लई भ्या वाटतं."

हे सगळं मला का नाही सांगितलंस, असं हौसाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. त्या खाटेवर टेकल्या आणि सुनेचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन बसल्या.

दारात त्र्यंबक डॉक्टर उभे होते. मळमळीपासून काजव्यांपर्यंत या बाईचं एकेक दुखणं त्यांनी ऐकलं होतं, त्यावर पुड्या बांधल्या होत्या, जेवताना बायकोला हसवलं होतं. तिचा आवाज मात्र ते आज पहिल्यांदाच ऐकत होते.